रंगीत अक्षरांचा व्यस्त नियम

अमेरिकेतल्या हौशी बंदूकवाल्याची पहिली अडचण अशी, की त्याची बंदूक शेजाऱ्याच्या बंदुकीसारखीच दिसते. युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट कंपनीत असताना १९५० च्या दशकात जी एआर-१५ रायफल आखली, तिच्या मूळ पेटंटांची मुदत कधीच सरली. आज तिचे सुटे भाग कितीतरी कारखाने बनवतात आणि एकाचा भाग दुसऱ्याला बहुधा बिनतक्रार बसतो. परिणाम असा, की आपली रायफल काळी, शेजाऱ्याची काळी आणि पलीकडच्याचीही काळीच. फरक उरतो तो ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर कोरलेल्या अक्षरांपुरता: कोणी बनवली, कुठल्या गावी बनवली, कुठलं काडतूस चालतं, क्रमांक काय, आणि खटका कुठे असला म्हणजे ‘सेफ’, कुठे असला म्हणजे ‘फायर’. म्हणून आधी रायफलीला नवा रंग चढवायचा आणि तो पक्का झाला की कोरीव अक्षरांत लाल, पांढरा किंवा पिवळा रंग भरत बसायचं, असा एक उद्योग तिथल्या गॅरेजांमध्ये चालतो. अमेरिकी बंदुकीच्या आवाजाबद्दल जगभर बरंच लिहिलं गेलं आहे. तिच्यात टूथपिकनं रंग भरताना आवाज होत नसल्यामुळे तो विषय मागे राहिला.

या उद्योगाची थट्टा करण्याआधी त्यात किती मेहनत आहे ते मान्य करायला हवं. सध्या बोलबाला आहे तो ऑरेगन राज्यात जन्मलेल्या सेराकोट नावाच्या सिरॅमिकयुक्त लेपाचा. तो ब्रश बुडवून फासता येत नाही. सगळी रायफल सुटी करायची, भाग ॲसिटोननं धुवायचे, भट्टीत तापवून छिद्रांत दडलेलं तेल बाहेर काढायचं, मग ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांचा मारा करून धातू खरखरीत करायचा. इथून पुढे उघड्या हातानं शिवायचं नाही, कारण बोटाच्या ठशातलं तेलसुद्धा लेपाला धरू देत नाही. एवढं सोवळं पाळून फवारणी झाली की भाग २५० अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे १२१ अंश सेल्सिअसला, दोन तास भाजायचे. ही भट्टी स्वयंपाकघरातली नसावी, असं जाणकार बजावून सांगतात; ज्या अर्थी बजावून सांगतात, त्या अर्थी कोणाच्या तरी घरी केकला बंदुकीचा वास आलेला असणार. एवढ्या सव्यापसव्यानंतर जो थर मिळतो तो साधारण इंचाचा एक हजारावा भाग जाड असतो. दुसरीकडे, ३० जानेवारी २००२ पासून अमेरिकी नियमानुसार नव्या बंदुकीवरचा क्रमांक इंचाच्या तीन हजारांशाइतका तरी खोल आणि एक सोळांश इंच तरी उंच असावा लागतो. केसाच्या जाडीएवढी ही खोली. लेप अक्षराच्या तळावर बसतो तसा भिंतींवरही बसतो, त्यामुळे अक्षर बुजत नाही, पण अंगानं थोडं भरतं आणि त्याच्या कडा बोथट होतात. या केसभर चरात हौस ओतायची असते.

ओतण्याच्या पद्धती तीन-चार आहेत आणि प्रत्येकीचे भक्त इतर पद्धतींना पाखंड मानतात. एक पंथ लॅकरच्या कांडीचा: वरची सुकलेली साय काढायची, कांडी अक्षरांवर आडवी घासायची आणि वरचा फाजील रंग पुसून घ्यायचा. दुसरा पंथ खेळण्यातली विमानं रंगवण्याचा रंग टूथपिकच्या टोकानं एकेका अक्षरात सोडतो. तिसरा पंथ मेणाच्या खडूचा: केस वाळवायच्या यंत्रानं धातू गरम करायचा आणि लहान मुलांचा खडू त्यावर फिरवायचा. चौथा नेलपॉलिशचा, तो पत्करणाऱ्यांना दुकानात ‘बायकोसाठी’ असं न विचारता सांगावं लागतं. सगळ्यांची खरी परीक्षा पुसताना होते. कापड बोटावर गुंडाळून पुसलं तर बोट चरात शिरतं आणि आतला रंगही उचलतं. म्हणून कापड एखाद्या सपाट, कडक पट्टीवर ताणून तिरकं ओढायचं. लेप नीट पक्का झाला नसेल तर ॲसिटोनचा बोळा अक्षरासोबत खालचा रंगही घेऊन येतो. खरखरीत पृष्ठभाग असेल तर पांढरा रंग अक्षराभोवतीच्या बारीक खळग्यांत अडकतो आणि ‘सेफ’ या शब्दाभोवती पिठाची गिरणी चालल्यासारखा भुरका बसतो. मेण उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतं, आणि नेलपॉलिशला ॲसिटोनचा नुसता वासही सोसत नाही. एकूण, हे काम पुन्हा पुन्हा करावं लागेल अशी सोय त्यात मुळातच आहे.

आता एवढ्या परिश्रमानं कुठली अक्षरं रंगवली जातात, हे पाहिलं की एक नियम हाती लागतो. तो असा: बंदुकीवरच्या अक्षराला मिळणारा रंग त्या अक्षराच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असतो. सगळ्यात निकडीचं वाक्य घ्या. स्टर्म, रुगर या कंपनीनं आपल्या बंदुकांच्या नळ्यांवर वर्षानुवर्षं एक आख्खा इशारा कोरला: वापरण्यापूर्वी माहितीपुस्तिकेतल्या सूचना वाचा, पुस्तिका कंपनीकडून फुकट मिळेल. बंदुकीवर कोरलेल्या मजकुरात जीव वाचवण्याची सर्वाधिक शक्यता बहुधा याच ओळीत आहे. पण हौशी लोक ती ओळ नळीचं रूप बिघडवते म्हणून कुरकुरतात. तिच्यात लाल रंग भरून तिचा मान वाढवावा, असं त्यांच्या मनात येत नाही. दुसरी निकडीची गोष्ट म्हणजे क्रमांक. चोरीची बंदूक मूळ मालकाला ओळखता येते ती त्यावरून. तो खोडला तर अमेरिकेत संघराज्याचा गुन्हा होतो, आणि आपल्याकडेही शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ८ बंदुकीवरची ओळखखूण खोडायला किंवा बदलायला मनाई करतं. हा क्रमांक बहुधा लेपाखाली गप्प पडून असतो. कारखान्याचं चिन्ह मात्र, ज्याचा नेम, सुरक्षा किंवा कायदा यांपैकी कशाशीही संबंध नाही, ते दोन रंगांत आणि कडेला बारीक रेघ देऊन उजळून निघतं. मालकाला कारखान्याचं नाव माहीत असतं. त्यानं पैसे मोजलेले असतात.

यावर कोणी म्हणेल, रंग नसला म्हणून अक्षर वाचलं जात नाही असं थोडंच आहे? तर बरेचदा जात नाही, याला चांगला पुरावा आहे. मिशिगनमधली ट्रायजिकॉन ही कंपनी रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी बनवते. या दुर्बिणींवरच्या मॉडेल क्रमांकाच्या शेपटीला बायबलमधल्या वचनांचे संदर्भ जोडलेले असत. योहानच्या शुभवर्तमानातला ८:१२ हा त्यांपैकी एक. अक्षरं धातूच्याच रंगाची आणि क्रमांकाला चिकटलेली. अमेरिकी सैन्य ही दुर्बीण इराक आणि अफगाणिस्तानात घेऊन फिरलं, आणि वर्षानुवर्षं त्याची जाहीर चर्चा झाली नाही. जानेवारी २०१० मध्ये बातमी फुटली तेव्हा मोठा गदारोळ झाला आणि लष्कराला द्यायच्या मालावरून हे संदर्भ काढायचं कंपनीनं कबूल केलं. दुर्बीण हे मुळात बारकाईनं पाहण्याचं साधन. तिच्यातून पलीकडचं सगळं दिसत होतं आणि तिच्यावर काय लिहिलं आहे, याची बातमी व्हायला २०१० साल उजाडलं. म्हणजे न रंगवलेलं अक्षर उघड्यावर असूनही लपून राहू शकतं, हे मान्य. पण मग प्रश्न आणखी टोकदार होतो: अक्षर दिसावं म्हणून रंग भरायचा, तर जे दिसायला हवं त्यात का भरला जात नाही?

सर्वात भक्कम आक्षेप सुरक्षिततेच्या बाजूनं येतो. ‘फायर’ लाल केलं, ‘सेफ’ पांढरं केलं, तर बंदूक कुठल्या अवस्थेत आहे हे एका नजरेत कळतं. यात थट्टेसारखं काय आहे? ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण उजव्या हाताच्या माणसानं एआर-१५ खांद्याला लावली की खटका त्याच्या अंगठ्याखाली असतो आणि नेहमीची अक्षरं रायफलीच्या डाव्या अंगावर, बाहेर तोंड करून. म्हणजे नेम धरलेल्या माणसाला ती वाचता येत नाहीत. ती वाचता येतात त्याच्या डावीकडे उभ्या असलेल्या माणसाला, आणि त्या माणसानं त्या क्षणी वाचनाचा नाद सोडून बाजूला व्हावं हे उत्तम. खटका अंगठ्यानं चाचपायचा असतो, डोळ्यांनी वाचायचा नसतो. शिवाय अंधारात लाल आणि पांढरा सारखेच काळे. बंदुकीच्या सुरक्षिततेचे जे चार नियम अमेरिकेत पाठ करून घेतले जातात, ते रूढ केले जेफ कूपर या प्रशिक्षकानं. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरा. जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखू नका. नेम लागेपर्यंत बोट घोड्यावर नेऊ नका. आपण कशावर गोळी झाडतो आहोत आणि त्यामागे काय आहे ते नक्की करा. चारही नियमांत खटक्यावर काय लिहिलं आहे ते वाचा, असं कुठेही नाही. उलट पहिल्या नियमाचा अर्थच असा, की ‘सेफ’ या शब्दावर विसंबू नका, मग तो कितीही सुबक अक्षरांत असो.

मग रंगाचा खरा उपयोग कधी झालाच नाही का? झाला, आणि त्याची उदाहरणं पाहिली की नियमाला दुसरं कलम जोडता येतं. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याला पिस्तुलं कमी पडू लागली तेव्हा १९१६ मध्ये माउझर कंपनीला सी-९६ जातीच्या दीड लाख पिस्तुलांची मागणी देण्यात आली. हे पिस्तूल मुळात ७.६३ मिलिमीटरच्या काडतुसाचं. सैन्याला हवं होतं ९ मिलिमीटरचं. दोन्ही पिस्तुलं दिसायला सारखी, आणि घाईत भलतंच काडतूस कोंबलं जाण्याची भीती. यावर तोडगा असा, की लाकडी मुठीच्या दोन्ही बाजूंना भलामोठा ९ कोरायचा आणि त्यात लाल रंग भरायचा. संग्राहक या पिस्तुलाला आजही ‘रेड नाइन’ म्हणतात. तो ९ सुबक नाही, नाजूक नाही. हातभर अंतरावरून घाबरलेल्या शिपायाला दिसावा एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. आजचं उदाहरण .३०० ब्लॅकआउट या काडतुसाचं. ते ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाच्याच मॅगझिनमध्ये बसतं आणि चुकून ५.५६ च्या नळीत जाऊन उडालं तर रायफल फुटू शकते. खरोखर जिवावर बेतणारी ही गोष्ट. इथे लोक काय करतात? मॅगझिनला रंगीत चिकटपट्टी नाही तर रबरबँड गुंडाळतात. भट्टी नाही, टूथपिक नाही, तिरकं पुसणं नाही. तेव्हा दुसरं कलम असं: रंगकामातली कारागिरीही गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. गरज जेवढी खरी, तेवढं काम ओबडधोबड. गरज शून्यावर आली की सोन्याची रेघ.

खेळण्यातल्या बंदुका हेच सांगतात. अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्यानं खऱ्यासारख्या दिसणाऱ्या खेळण्यांच्या नळीच्या टोकाला भडक नारिंगी खूण सक्तीची केली, म्हणजे पोलिसाला आणि पोराला दोघांनाही फरक कळेल. ती खूण इतकी बेंगरूळ असते की तिच्याविषयी कोणी कलाप्रेमी दोन शब्द बोलत नाही. उलट खरी बंदूक गुलाबी किंवा पोपटी करण्याची हौस एवढी वाढली, की न्यूयॉर्क शहराला २००६ मध्ये बंदुकांना भडक रंग देणाऱ्या संचांवर बंदी घालावी लागली, कारण खरी वस्तू खेळण्यासारखी दिसू लागली तर नारिंगी टोकाला अर्थच उरत नाही. त्यावर विस्कॉन्सिनमधल्या एका रंगाच्या कंपनीनं तेव्हाचे महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्याच नावानं रंगांचा नवा संच बाजारात आणला. उपयोगी रंग आणि हौशी रंग यांची समोरासमोर गाठ पडली, तेव्हा हौशीनं प्रतिस्पर्ध्याचं नावसुद्धा डब्यावर लावून विकलं.

आणखी एक आक्षेप कारखान्यांचा दाखला देईल. हेक्लर आणि कोख ही जर्मन कंपनी आपल्या कित्येक बंदुकांवर अक्षरांऐवजी गोळ्यांची चित्रंच देते: पांढरी फुली मारलेली गोळी, लाल एक गोळी, लाल गोळ्यांची रांग. एवढे गंभीर लोक रंग भरतात, तर गॅरेजवाल्याला हसायचं का? उत्तर असं, की कारखाना रंग भरतो तो अनोळखी माणसासाठी. ती बंदूक कुठल्या देशातला, कुठली लिपी जाणणारा नवखा शिपाई हातात घेईल हे कारखान्याला ठाऊक नसतं. हौशी माणूस रंग भरतो तो स्वतःच्या बंदुकीत, जी त्यानं स्वतः सुटी केली, स्वतः भाजली आणि डोळे मिटून जोडता येईल इतकी ओळखीची केली. त्या खटक्याची स्थिती वाचून समजून घेण्याची गरज जगात सगळ्यात कमी कोणाला असेल तर ती त्यालाच. २०१५ मध्ये फ्लोरिडातल्या एका कंपनीनं तर खटक्याच्या तीन जागांना ‘शांतता’, ‘युद्ध’ आणि ‘देवाची इच्छा’ अशा अर्थाची नावं कोरून रायफल विकायला काढली. यातल्या तिसऱ्या जागी खटका असताना रायफल नेमकं काय करील, हे शब्दांवरून कळायला धर्मशास्त्राची पदवी लागेल. तरी ग्राहक भांबावल्याचं कोणी म्हटलं नाही, कारण सूचना म्हणून ती अक्षरं कोणी वाचणारच नव्हतं. ती घोषणा होती.

शेवटचा आक्षेप मराठी वाचकाच्या ओठांवर आलाच असेल: तुम्ही कोणत्या तोंडानं हसता? आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रांना हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळा चढतात. तलवारीच्या पात्यावर कुंकवाचं बोट ओढल्यानं धार वाढत नाही. अगदी खरं. पण हळदकुंकू लावणारा माणूस ते सुरक्षिततेसाठी लावतो असं म्हणत नाही. पूजा म्हणून लावतो, तसं सांगतो, आणि नंतर पुसून ठेवतो. बंदुकीच्या अक्षरांचं खरं भावंड शोधायचं तर ते आपल्या रस्त्यावर गाडीच्या नंबरप्लेटमध्ये सापडतं. पोलिसाला वाचता यावा म्हणून सरकारनं आकार, अंतर, ठसा सगळं ठरवून दिलेला तो क्रमांक. आणि मालक ४१४१ असे अंक वळवून त्यात ‘दादा’ वाचायला लावतो, ८०५५ मध्ये ‘बॉस’ दाखवतो. राज्याला ओळख पटावी म्हणून जे अक्षर दिलं, त्यातून मालक स्वतःची ओळख करून देतो. पळून जाणाऱ्या गाडीचा क्रमांक टिपायला उभ्या राहिलेल्या साक्षीदाराच्या हाती फक्त ‘दादा’ लागतो, आणि दादा तर गल्लोगल्ली आहेत. पुणेकर असो की टेक्सासकर, वस्तू कारखान्यातून हजारांनी निघते आणि मालक मात्र एकुलता एक असतो. ही विसंगती कुठेतरी रंगानं बुजवायची असते.

एवढं मान्य केलं की हौशीविरुद्ध तक्रार राहत नाही. बंदुकीशी खेळण्याच्या जितक्या तऱ्हा माणसाला सुचल्या, त्यांत दोन तास भट्टीसमोर आणि संध्याकाळभर टूथपिक घेऊन बसणं ही सर्वात निरुपद्रवी तऱ्हा आहे. तेवढा वेळ ती बंदूक सुट्या भागांत टेबलावर पडलेली असते आणि सुट्या भागांतली बंदूक कोणाचं काही बिघडवत नाही. या हिशेबानं अक्षरं जितकी अधिक आणि पुसण्याची पद्धत जितकी किचकट, तितकं गाव सुखरूप. तक्रार आहे ती फक्त नटण्याला सावधगिरीचं प्रमाणपत्र लावण्याबद्दल. तेही लावायचं असेल तर एक सोपी कसोटी आहे. ‘सुरक्षिततेसाठी’ म्हणून रंग घेऊन बसणाऱ्यानं पहिल्यांदा काडतुसाचं माप रंगवावं, मग क्रमांक, मग नळीवरचं ते लांबलचक, रूप बिघडवणारं ‘पुस्तिका वाचा’ हे वाक्य शेवटच्या पूर्णविरामापर्यंत लाल करावं, आणि रंग उरलाच तर कारखान्याच्या चिन्हाकडे वळावं. या क्रमानं रंगवलेली एक जरी रायफल कोणी आणून दाखवली, तर व्यस्त नियम तिथल्या तिथे रद्द समजावा. तिच्या मालकाला आणखी एकच प्रश्न विचारायचा राहील: ती फुकटची पुस्तिका मागवली का?